जुना गेम, नवं लिनक्स आणि बिघडलेला पडदा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला आणि विंडोज ११ ज्यांच्यावर चढत नाही असे कितीतरी धडधाकट लॅपटॉप एका दिवसात म्हातारे ठरले. गोव्यात डिचोली-साखळीकडे माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी अशा मशिनवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू (विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सच्या प्रणाली) चढवलं. त्यांची पहिली तक्रार प्रिंटरची नव्हती, मराठी टायपिंगचीही नव्हती. "सगळं चालतं रे, पण व्हाइस सिटी काळी येते." व्हाइस सिटी म्हणजे जीटीए मालिकेतला जुना गेम. ही सगळी चाळिशीला टेकलेली माणसं. गोवा सरकारच्या सायबरएज योजनेतून अकरावीला मिळालेल्या संगणकावर अभ्यास सोडून जे काही केलं, तेच त्यांना परत हवं आहे. मला त्यात गैर काही दिसत नाही.

अडचण अशी की 'काळी येते' एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. पडदा पूर्ण काळा आहे की आवाज येतोय आणि चित्र नाही? चित्र आहे पण रंग विचित्र आहेत? कोपऱ्यात टिकलीएवढं दिसतंय? की सगळं ठीक आहे, फक्त मुंगीच्या पावलांनी चालतंय? यातल्या प्रत्येक लक्षणामागे वेगळा बिघाड असतो. लक्षण नीट न बघता लोक मिळेल तो उपाय करतात, मग दुसरा, मग तिसरा, आणि शेवटी गेम चालला तरी कशाने चालला ते कळत नाही.

आधी मध्ये कोण कोण आहे ते बघू. जुन्या घरांचे पोर्तुगीज कागद ज्यांनी सांभाळलेत त्यांना हे चटकन उमजेल. कागद पोर्तुगीजमध्ये, कचेरीतल्या आजच्या कारकुनाला ती भाषा येत नाही, म्हणून मध्ये भाषांतर करून देणारा लागतो. काम अडलं तर कागद खरा असतो, कारकूनही आपल्या जागी बरोबर असतो. घोळ भाषांतरात असतो, नाहीतर भाषांतर भलत्याच टेबलावर गेलेलं असतं. विंडोजचे गेम डायरेक्टएक्सच्या भाषेत बोलतात. ही भाषा १९९५ ची, आणि तिच्या दर पिढीचं व्याकरण निराळं. लिनक्समधला ग्राफिक्स ड्रायव्हर ती जाणत नाही. त्याला ओपनजीएल किंवा २०१६ मध्ये आलेली व्हल्कन कळते. मधला दुभाष्या म्हणजे वाइन, १९९३ पासून चालत आलेला प्रकल्प. वाइन विंडोजची नक्कल उभी करत नाही, विंडोज प्रोग्रामच्या मागण्या लिनक्सच्या मागण्यांमध्ये बदलून देतं. व्हॉल्व कंपनीने २०१८ मध्ये स्टीम या आपल्या गेमच्या दुकानासाठी आणलेला प्रोटॉन म्हणजे वाइनच, सोबत आणखी काही सामान घालून.

चित्रापुरते दुभाषे दोन. वाइनचा घरचा, वाइनडीथ्रीडी, हा डायरेक्टएक्सचं ओपनजीएल करतो. दुसरा डीएक्सव्हीके, तो व्हल्कन करतो. डीएक्सव्हीके वेगवान आहे, म्हणून सगळीकडे त्याचीच शिफारस वाचायला मिळते. पण ती शिफारस मुख्यतः २००२ नंतरच्या, म्हणजे डायरेक्टथ्रीडी (डायरेक्टएक्सचा त्रिमिती चित्रांचा भाग) ९ आणि पुढच्या गेमसाठी खरी आहे. डायरेक्टथ्रीडी ८ ची सोय डीएक्सव्हीकेमध्ये २०२४ साली, २.४ आवृत्तीत आली. व्हाइस सिटी याच पिढीतली. त्याआधीच्या डायरेक्टड्रॉवाल्या (डायरेक्टएक्सचा जुना, सपाट चित्रांचा भाग वापरणाऱ्या) गेमना डीएक्सव्हीके हातच लावत नाही. तेव्हा पहिला प्रश्न 'माझा गेम कुठली भाषा बोलतो?' हाच. पीसीगेमिंगविकीवर बहुतेक गेमच्या पानावर हे लिहिलेलं असतं. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते टाळल्यामुळे संध्याकाळी वाया गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

(पुढे आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.)

मुंगीच्या पावलांनी चालणारा गेम

वीस वर्षांपूर्वीचा गेम आणि सेकंदाला चार-पाच फ्रेम, असं दिसलं की दुभाष्याला दोष द्यायच्या आधी ड्रायव्हर बघा. मेसा हा लिनक्समधला खुल्या ग्राफिक्स ड्रायव्हरांचा संच. त्याचं मेसा-युटिल्स हे पॅकेज घालून टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'जीएलएक्सइन्फो' ही आज्ञा डॅश आणि मोठा बी लावून चालवा. जे काही छापून येईल त्यात 'रेंडरर' अशी ओळ शोधा. तिथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाचं नाव असेल तर ठीक. 'एलएलव्हीएमपाइप' असं दिसलं तर ग्राफिक्स कार्ड बाजूला बसलंय आणि प्रत्येक ठिपका प्रोसेसर रंगवतोय. तसं असताना गेमच्या सेटिंगमध्ये कितीही खुडबुड करा, फरक पडणार नाही. व्हल्कनसाठी हीच चौकशी व्हल्कन-टूल्समधल्या 'व्हल्कनइन्फो'ने होते.

आता यातली खरी मेख. हे सगळं तपासून नाव बरोबर येतं आणि तरीही गेम रडतो. कारण तुम्ही तपासला तो ६४ बिटचा ड्रायव्हर, आणि त्या काळातले जवळजवळ सगळे गेम ३२ बिटचे. वाइन नेहमीच्या पद्धतीने बसवलेलं असेल तर ३२ बिट गेमला ड्रायव्हरही ३२ बिटचाच लागतो, आणि तो वेगळा घालावा लागतो. उबुंटू, मिंट आणि डेबियनवर आधी 'आय-३८६' ही आर्किटेक्चर जोडायची, मग मेसाच्या व्हल्कन आणि ओपनजीएल पॅकेजांच्या त्याच शेपटीच्या आवृत्त्या घालायच्या. एनव्हिडिया असेल तर तिच्या लायब्ररीचा ३२ बिट भाग मूळ ड्रायव्हरच्या आकड्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. एक पुढे नि एक मागे असेल तर चित्र येतच नाही. जानेवारी २०२४ च्या वाइन ९.० पासून ३२ बिटचे प्रोग्राम ६४ बिटच्या लायब्रऱ्यांवर चालवायची नवी पद्धत आली आहे, पण तुमच्या मशिनवरचं वाइन त्या पद्धतीने बांधलेलं असेलच असं धरून चालू नका.

स्टीम फ्लॅटपॅकमधून (प्रोग्राम स्वतंत्र डब्यात बसवायच्या पद्धतीने) घातलं असेल तर आणखी एक वळण आहे. फ्लॅटपॅक आपला ड्रायव्हर स्वतःसोबत बाळगतं. सिस्टीममधला एनव्हिडिया ड्रायव्हर अपडेट झाला आणि फ्लॅटपॅक तसंच राहिलं, तर काल चालणारा गेम आज उठत नाही. फ्लॅटपॅक अपडेट करा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. आणि लॅपटॉपमध्ये दोन कार्डं असतील, एक इंटेल नि एक एनव्हिडिया, तर गेम गुपचूप इंटेलवर चालत असण्याची शक्यता मोठी. ल्युट्रिससारख्या, गेम बसवून चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये कार्ड निवडायची सोय असते, ती वापरा.

जुन्या लॅपटॉपचं दुखणं

ज्यांनी विंडोज १० चा आधार सुटल्यावर लिनक्स धरलं, त्यांना हा भाग सर्वांत जास्त लागू. २०११ च्या सँडी ब्रिज पिढीच्या इंटेल ग्राफिक्सला व्हल्कन येतच नाही. त्यानंतरच्या आयव्ही ब्रिज आणि हॅसवेलला अर्धवट येतं. हॅसवेलवर टर्मिनलमधून गेम सुरू केला की मेसा स्वतःच इशारा छापतं: हॅसवेलचा व्हल्कन आधार अपुरा आहे. लोक ही ओळ वाचून पुढे जातात आणि काळ्या पडद्याचं कारण भलतीकडे शोधतात.

डीएक्सव्हीके २.० नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, तेव्हापासून त्याला व्हल्कन १.३ लागतं. एनव्हिडियाची केप्लर पिढीची कार्डं ४७० मालिकेच्या ड्रायव्हरवर अडकली आहेत आणि तो ड्रायव्हर १.२ वर थांबतो. म्हणजे या मशिनवर नवं डीएक्सव्हीके सुरूच होत नाही. दोन वाटा उरतात. एक, डीएक्सव्हीकेची १.१०.३ ही आवृत्ती. तिला व्हल्कन १.१ पुरतं, आणि ल्युट्रिसमध्ये आवृत्ती निवडता येते. दुसरी, डीएक्सव्हीके बंद करून वाइनडीथ्रीडीवर यायचं. स्टीममध्ये त्यासाठी गेमच्या लाँच ऑप्शन्समध्ये 'प्रोटॉन यूज वाइनडीथ्रीडी' हे मोठ्या अक्षरांतलं, शब्दांमध्ये खालची रेघ असलेलं नाव लिहून त्याला १ द्यायचा आणि पुढे 'कमांड' हा नेहमीचा शब्द टक्केवारीच्या चिन्हांमध्ये ठेवायचा. वेग थोडा घटतो. पण २००३ च्या गेमला हॅसवेल तरीही पुरून उरतो. 'नवीनतम ते उत्तम' हा आग्रह इथे सोडावा.

जांभळं पाणी

चतुर्थीला साखळीला गेलो होतो तेव्हा भाच्याने लॅपटॉप पुढ्यात आणून ठेवला. एज ऑफ एम्पायर्स, १९९७ चा पहिला.
"मामा, पाणी जांभळं झालंय. आणि माणसांचे चेहरे हिरवे."
"गेम बंद न पडता चालतोय ना?"
"चालतोय. आवाजपण आहे."
"मग कार्डाला काही झालेलं नाही."

तेव्हाच्या गेममध्ये ठिपक्याचा रंग ठिपक्यात नसतो. ठिपक्यात असतो शून्य ते २५५ मधला एक आकडा, आणि शेजारी २५६ रंगांचा एक तक्ता. आकडा ४० म्हणजे तक्त्यातला ४० वा रंग. याला पॅलेट म्हणतात. यात मेमरी वाचायची, शिवाय एक गंमत करता यायची: पाण्याचे ठिपके जागच्या जागी ठेवून तक्त्यातले निळे रंग नुसते पुढे सरकवले की पाणी हलल्यासारखं दिसतं. चित्र पुन्हा काढायची गरजच नाही. पण तक्ता बिघडला, दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामने आपले रंग त्यात घुसवले, की आकडे बरोबर राहून रंग मात्र उलटेसुलटे होतात. म्हणून चेहरे हिरवे पण नाक-डोळे जागच्या जागी. हा खोडसाळपणा फक्त लिनक्सचा नाही. विंडोज ७ वरही हाच गेम असाच रंग बदलायचा, आणि लोक तो सुरू करायच्या आधी एक्सप्लोरर बंद करायचे.

यावर मला सर्वांत खात्रीचा वाटतो तो सीएनसी-डीड्रॉ. ही एक छोटी डीएलएल (प्रोग्राम वापरतो ती लायब्ररीची फाइल) आहे, मुळात कमांड अँड कॉन्करसाठी लिहिलेली, पण डायरेक्टड्रॉ वापरणाऱ्या कितीतरी गेमना चालणारी. ती गेमकडून जुन्या पद्धतीचं चित्र घेते, तक्ता स्वतः लावते आणि तयार रंगीत चित्र पुढे देते. तिच्या फाइली गेमच्या फोल्डरमध्ये, चालवायच्या फाइलीशेजारी ठेवायच्या. इथे बहुतेक जण थांबतात आणि म्हणतात, काही फरक नाही. फरक नसणारच, कारण वाइनकडे स्वतःची डीड्रॉ आहे आणि सांगितल्याशिवाय ते दुसरीकडे बघत नाही. 'वाइनसीएफजी' (वाइनच्या सेटिंगची खिडकी) उघडा, लायब्ररीज या टॅबमध्ये 'डीड्रॉ' लिहून जोडा आणि 'नेटिव्ह, मग बिल्ट-इन' असा क्रम द्या. म्हणजे आधी फोल्डरमधली, ती नसेल तर घरची. भाच्याच्या लॅपटॉपवर एवढं केल्यावर पाणी निळं झालं, आणि मग मोदक गार होईपर्यंत कुणी जागचं उठलं नाही.

हीच 'आधी फोल्डरमधली' युक्ती डीजीव्हूडू २ साठीही लागते. तो डायरेक्टएक्सच्या जुन्या पिढ्यांचं, आणि थ्रीडीएफएक्सच्या ग्लाइड या मेलेल्या भाषेचंही, नव्या डायरेक्टएक्समध्ये रूपांतर करतो. पुढचं काम डीएक्सव्हीके करतं. दोन दुभाषे एकामागे एक. धुकं दिसत नाही, सावल्या फाटल्यासारख्या दिसतात, मेनूतली अक्षरं गायब आहेत, अशा तक्रारींवर ही जोडी पुष्कळदा लागू पडते. पण हिला व्हल्कन धडधाकट लागतं, म्हणजे हॅसवेलवाल्यांनी हिच्या नादी न लागलेलं बरं.

आकाराचे घोळ

जुने गेम ६४० गुणिले ४८० किंवा ८०० गुणिले ६०० मागतात. एक्स-११ या पडदा सांभाळणाऱ्या जुन्या व्यवस्थेच्या डेस्कटॉपवर वाइन खरोखरच पडद्याचा आकार बदलतं, आणि गेम मध्येच कोसळला तर डेस्कटॉप त्याच आकारात अडकतो. आयकॉन राक्षसासारखे, खालची पट्टी पडद्याबाहेर. घाबरून मशिन बंद करायची गरज नाही. टर्मिनलमध्ये 'एक्सरॅंडआर' ही आज्ञा डॅश-एस आणि शून्यासकट दिली की पूर्ववत होतं. वेलँड या नव्या व्यवस्थेवर प्रोग्रामला पडद्याचा आकार असा बदलता येत नाही, त्यामुळे हा प्रकार होत नाही, पण गेम कधीकधी कोपऱ्यात छोटासा दिसतो.

दोन्हींवर सोपा तोडगा वाइनसीएफजीच्या ग्राफिक्स टॅबमध्ये आहे: व्हर्च्युअल डेस्कटॉपची खूण करा आणि गेमचा आकार भरा. गेम एका खिडकीत कोंडला जातो आणि बाहेरच्या पडद्याशी त्याचा संबंध उरत नाही. पडदाभर हवं असेल तर व्हॉल्वचाच गेमस्कोप आहे. त्याला आतला आणि बाहेरचा असे दोन्ही आकार सांगायचे. तो चित्र ताणून मोठं करतो आणि कडेला काळ्या पट्ट्या ठेवून मूळ चारास तीन प्रमाण राखतो. चित्र पडदाभर पसरवून सगळी माणसं जाडी करून खेळणाऱ्यांशी माझं पटत नाही, पण ज्याची त्याची आवड.

वेग जास्त झाला तरी बिघाडच. काही गेमची भौतिकी फ्रेमच्या हिशोबाने चालते. सॅन अँड्रियासमध्ये फ्रेम लिमिटर बंद केला की पोहण्याचा वेग बिघडतो, आणि दोष मात्र लिनक्सला मिळतो. लिमिटर चालू ठेवा. लिमिटरच नसलेल्या गेमसाठी डीएक्सव्हीकेच्या सेटिंग फाइलमध्ये फ्रेमची कमाल मर्यादा घालता येते.

सुरुवातीची फिल्म काळी आणि नंतर गेम ठीक, असं असेल तर ते ग्राफिक्सचं काम नाही. व्हिडिओ उलगडणारे जीस्ट्रीमरचे प्लगइन नाहीत, आणि इथेही ३२ बिटचेच लागतात.

दुभाष्याशिवायचे गेम

काही गेम डायरेक्टएक्सच्या वाटेला जातच नाहीत, थेट ओपनजीएल बोलतात. क्वेक थ्री आणि त्याच्या इंजिनावर बांधलेले त्या काळातले गेम यातले. वाटतं, हे तर सोपे जावेत, भाषांतराची गरजच नाही. पण यातले काही सुरू होताक्षणी कोसळतात, आणि कारण मजेशीर आहे. गेम सुरू होताना ड्रायव्हरला विचारतो, तुला काय काय येतं? ड्रायव्हर आपल्या सगळ्या एक्स्टेन्शनची नावं एका लांबलचक ओळीत सांगतो. १९९९ मध्ये ही ओळ लहान होती, म्हणून प्रोग्रामरने तिच्यासाठी ठरावीक मापाची जागा ठेवली. पंचवीस वर्षांत ड्रायव्हर शिकत गेला, ओळ वाढत गेली, आणि आता ती त्या जागेत मावत नाही. बाहेर सांडलेली अक्षरं शेजारच्या मेमरीवर पडतात आणि गेम आडवा होतो. कार्ड जितकं नवं तितकी पंचाईत मोठी.

मेसा लिहिणाऱ्यांनी यावर तोडगा ठेवलाय. 'मेसा एक्स्टेन्शन मॅक्स इयर' नावाचा, मोठ्या अक्षरांत आणि खालच्या रेघा जोडून लिहायचा एक चल (गेम सुरू करताना सोबत द्यायची सेटिंग) आहे. त्याला २००३ असं साल दिलं की ड्रायव्हर त्या सालानंतर शिकलेलं काहीच कबूल करत नाही. ओळ आखूड होते, गेम चालतो. इंटेल आणि एएमडीवर हे लागू. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये यासाठी त्यांचा स्वतःचा वेगळा चल आहे.

नोंद वाचायची कशी

यातलं काहीच जुळलं नाही तर गेम टर्मिनलमधून सुरू करा आणि काय छापलं जातं ते बघा. स्टीममध्ये 'प्रोटॉन लॉग'ला १ दिलं की घरच्या फोल्डरमध्ये नोंदीची फाइल तयार होते. 'फिक्समी' म्हणणाऱ्या शेकडो ओळी दिसतील. त्या वाइनच्या प्रोग्रामरनी स्वतःसाठी ठेवलेल्या चिठ्ठ्या असतात, उत्तम चालणाऱ्या गेममध्येही त्यांचा पाऊस पडतो. 'ईआरआर' ने सुरू होणाऱ्या ओळी बघा, आणि त्यांतही गेम कोसळण्याच्या अगदी आधीच्या. 'व्हल्कन' किंवा 'जीएलएक्स' हा शब्द दिसला तर ड्रायव्हरकडे जा. एखाद्या डीएलएलचं नाव दिसलं तर ती फाइल नाहीये. प्रत्येक गेमला वेगळा वाइन-प्रिफिक्स, म्हणजे स्वतःचा वेगळा 'सी ड्राइव्ह', दिलेला असला की एका गेमचे प्रयोग दुसऱ्याला बाधत नाहीत. बाटलीसारखे वेगळे कप्पे करून देणारा बॉटल्स नावाचा प्रोग्रामही आहे, टर्मिनलची ॲलर्जी असलेल्यांनी तो घ्यावा.

आणि एक प्रकार असा की जो ग्राफिक्सचा वाटतो पण नसतो: काळी खिडकी क्षणभर उघडते आणि काही न बोलता मिटते. मूळ सीडीवरून घातलेल्या गेममध्ये हे झालं तर संशय सीडीच्या संरक्षणावर घ्या. सेफडिस्क नावाच्या संरक्षणासाठी विंडोजच्या गाभ्यात एक ड्रायव्हर बसायचा. तो असुरक्षित ठरल्यामुळे विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टनेच त्याला जागा दिली नाही. म्हणजे ती सीडी आजच्या विंडोजवरही चालत नाही, तिथे वाइनसमोर डोकं आपटण्यात अर्थ नाही. शिवाय आपल्याकडच्या दोन-तीन पावसाळ्यांत कपाटातल्या सीडीवर बुरशीची जी नक्षी उमटते, ती वेगळीच. असे पुष्कळ जुने गेम जीओजी या ऑनलाइन दुकानात संरक्षणाशिवाय विकत मिळतात. इन्स्टॉलर उतरवा, ल्युट्रिस किंवा हिरोइकमधून बसवा. मग चित्र बिघडलंच तर ते खरंच चित्राचं दुखणं असेल आणि वर सांगितलेल्यातला एखादा उपाय त्याला लागू पडेल.